गोड न पिणारी पाहुणी

महाडच्या मोहल्ल्यात कुणाच्या मुलीला स्थळ आलं, की घर बघायला बदरुन्निसाखालाला न्यायचं, हे ठरलेलं. मुलाची नोकरी, पासपोर्ट, फोटो हे काय, कोणालाही बघता येतं. घर बघणं ही वेगळी विद्या, आणि महाड तालुक्यात ती आपल्याशिवाय कुणाला येत नाही, असं खालाचं स्वतःचं मत होतं. या मताला कधी कोणी आव्हान दिलं नाही, कारण खालाशी वाद घालायचा म्हणजे दुपारचं जेवण विसरायचं, आणि एवढी तयारी मोहल्ल्यात कुणाचीच नव्हती.

परक्या घरात शिरली की खाला बैठकीतल्या सोफ्याकडे ढुंकूनही बघायची नाही. "हातपाय धुते जरा," म्हणून सरळ मागे मोरीवर जायची. मोरीचे कोपरे बघायची, पाण्याच्या पिंपावर झाकण आहे का ते बघायची, आणि परत येताना घरातल्या थोरल्या सुनेशी दोन वाक्यं बोलायची. सून मोकळेपणाने बोलली तर घर चांगलं. सून आधी सासूकडे बघून मग बोलली, तर खाला तिथल्या तिथे चपला शोधायला लागायची. अशी कितीतरी स्थळं तिने मोडली आणि कितीतरी जुळवली. मोडलेल्यांपैकी काहींनी तिच्याशी बोलणं टाकलं; पण पुढे त्यांच्या मुलींची वेळ आली तेव्हा तेच लोक गुपचूप रिक्षा करून तिच्या दारात आले.

तिचा एक नियम मात्र सगळ्यांच्या वरचा. ज्या घरी स्थळ बघायला जायचं, तिथे गोड प्यायचं नाही. पाणी चालेल, बिनसाखरेचा कोरा चहा चालेल, खारी बशीभर चालेल. पण सरबत, खीर, साखरेचा चहा यांतलं काही मुलीकडच्या वडीलधाऱ्या माणसाच्या घशाखाली उतरलं, की होकार झाला. मग तोंडाने कोणी काही बोलायची गरज नाही. खालाच्या माहेरी, दासगावला, खाडीकाठच्या चार घरांत ही रीत होती, आणि महाडात ती खालाने एकटीने जिवंत ठेवली होती. ओळखीची घरं तिच्यापुढे साधं पाणी ठेवायची आणि ती आपण होऊन साखर मागते का, याची वाट बघत बसायची.

तसं तिचं आयुष्य सांगायला सरळ आहे. दासगावची मुलगी लग्न होऊन महाडात आली, आणि हातावरची मेंदी उतरायच्या आत नवरा कुवेतला गेला. तिथे ते पाण्याचा टँकर चालवायचे. दोन वर्षांनी सुट्टीवर यायचे, येताना ब्लँकेट, अत्तर, चॉकलेटं, दुधाच्या पावडरीचे डबे आणायचे, पाहुण्यासारखे बसायचे आणि जायचे. इकडे खालाने मुलाला, मुनाफला, वाढवलं, एक टेम्पो घेतला, मग दुसरा घेतला. स्टिअरिंगला तिने कधी हात लावला नाही, पण कशेडी घाटात कुठल्या वळणावर कुठला ड्रायव्हर चहाला थांबतो, हे तिला घरात बसून कळायचं. ड्रायव्हर लोक तिला 'आरटीओ' म्हणायचे. पाठीमागे, अर्थात. नवरा कायमचा परत आला तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. मग थोडी वर्षं दोघं पडवीत शेजारी शेजारी बसली, आणि नंतर खाला एकटीच बसायला लागली.

तर अशा या खालावर जगभराची घरं बघून झाल्यावर स्वतःच्या नातीसाठी घर बघायची वेळ आली.

नात म्हणजे मुनाफची मुलगी अलीशबा. एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये कामाला. पोरगी दिवसभर काचेच्या नळीत पाणी हलवते आणि त्याचा पगार घेते, असं खाला अभिमानाने सांगायची. अलीशबाला दोन स्थळं आली होती. एक दोह्याचं. मुलगा कंपनीत हिशेबाच्या खात्यात, घर महाडातच, नाव ठेवायला जागा नाही. खालाच्या मनात ते जवळजवळ ठरलं होतं. दुसरं आलं पोलादपूरहून, आणि ते सांगताना मुनाफचा आवाज सुरुवातीपासूनच बारीक होता.

"काय करतो पोलादपूरला?" खालाने विचारलं.

"म्युझियम चालवतो, अम्मा."

"कसलं?"

"सोड्याच्या बाटल्यांचं."

खालाच्या अडकित्त्यातली सुपारी अडकित्त्यातच राहिली. "भरलेल्या का रिकाम्या?"

"दोन्ही हायत."

"रिकाम्या बाटल्या तर आपला भंगारवालापण नेतो रे. त्यालाच का नाय देत पोरगी?"

मुनाफने जमेल तसं समजावलं. मुलाचं नाव नौमान. कुवेतला कोल्ड्रिंकच्या मोठ्या गोदामात होता, चांगली नोकरी होती, ती सोडून आला. पोलादपूरला आंबेनळी घाटाच्या रस्त्याला आजोबांचा सोड्याचा कारखाना बंद पडला होता, तो झाडून-पुसून त्यात त्याने देशोदेशीच्या शीतपेयांचं संग्रहालय काढलं. महाबळेश्वरला जाणारे लोक थांबतात, बाटल्या बघतात, परदेशातले सोडे चाखतात. या सगळ्यातलं खालाच्या कानात एकच वाक्य शिरलं होतं: नोकरी सोडून आला. पुढचं तिने ऐकलंच नाही.

मुनाफने एक गोष्ट सांगितली नव्हती. अलीशबा लॅबच्या मैत्रिणींबरोबर ते संग्रहालय बघून आली होती, आणि आल्यापासून चार दिवस काकडीच्या कुठल्याशा हिरव्या सोड्याबद्दल बोलत होती. पाचव्या दिवशी तिने बापाला सांगितलं, "अब्बा, मला पोलादपूर चालेल." मुनाफ पन्नाशीचा माणूस, दोन टेम्पोंचा मालक, पण ही गोष्ट आईसमोर काढायची त्याची छाती होईना. दादीने एकदा नाही म्हटलं की विषय संपला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अलीशबालाही होतं, म्हणून ती रविवारी सकाळपासून गप्प होती.

त्या रविवारी खाला टेम्पोत पुढच्या सीटवर बसली. ओढणी पांढरीशुभ्र, चष्मा पुसलेला, पर्समध्ये सुपारी. नकार ठरवूनच निघाली होती. पण नकारसुद्धा घर बघून, नीट कारण काढून द्यायचा, ही तिची शिस्त. मुलीने बघायला जायचं नाही ही पण रीत, त्यामुळे अलीशबा दारात उभी राहून टेम्पो नजरेआड होईपर्यंत बघत राहिली.

नौमानची आई उमैमा दारातच होती. "या खाला, या मुनाफभाई!" तिच्यामागे नौमान, उंच, थोडा वाकलेला, हातात पुसायचं फडकं. खालाने सलामाला उत्तर दिलं आणि विचारलं, "मोरी कुठं हाय?"

मोरी म्हणजे बाटल्या धुवायची जागा निघाली. फरशी घासलेली, नळ गळत नाही, धुतलेल्या बाटल्या उलट्या टांगलेल्या, शेवाळाचा ठिपका नाही. खालाने कोपऱ्यात बोट फिरवून बघितलं. बोट कोरडं आणि स्वच्छ. हे तिला अजिबात आवडलं नाही. पहिल्याच ठिकाणी कारण हातचं गेलं.

मग नौमानने संग्रहालय दाखवलं. मधोमध आजोबांचं सोड्याचं यंत्र, चाक हाताने फिरवायचं. भिंतीला फळ्या, फळ्यांवर देशांप्रमाणे बाटल्या आणि डबे. आपली गोटीची बाटली, आणि तिच्या शेजारी जपानची, तिच्याही गळ्यात गोटी. खालाने दोन्हींकडे पाळीपाळीने बघितलं. "तिकडची पोरंपण गोटीसाठी बाटली फोडत असतील," ती म्हणाली, आणि नौमान हसून म्हणाला, "शंभर टक्के, दादी." एका कपाटाला मात्र कुलूप होतं.

"यात काय?"

"यातलं आंबवलेलं असतं, थोडा अंमल येतो. ते फक्त बघायचं. मीसुद्धा चाखलेलं नाही."

खालाने कुलूप ओढून बघितलं.

शेवटी सगळे चव घ्यायच्या ओट्यापाशी आले. तिथे छोटे छोटे ग्लास मांडलेले, आणि इथूनच घोटाळा सुरू झाला. नौमानने उत्साहाने एकेक बाटली फोडली. "दादी, हे स्कॉटलंडचं. तिथले लोक म्हणतात, याचा रंग गंजलेल्या लोखंडासारखा."

"मग गंजलेलं कशाला प्यायचं? नको."

"हे ब्राझीलचं, तिकडच्या जंगलातल्या फळाचं."

"नको."

"बरं, हे जपानचं, खरबुजाचं. मुलांना फार आवडतं."

"मी काय मूल हाय? नको बाबा."

ग्लास भरत गेले आणि तसेच राहिले. उमैमाचा चेहरा उतरत चालला. "खाला, एक घोट तरी. असं कसं चालंल? एक घोट घ्या." खाला हात आडवा धरून बसली. उमैमा आणखी जवळ सरकली, ग्लास खालाच्या हनुवटीपर्यंत आणला, खालाने मान मागे नेली. दोघींमध्ये हा प्रकार चालला असताना मुनाफने खरबुजाचा ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. चुकून की मुद्दाम, यावर मोहल्ल्यात अजून दोन मतं आहेत.

"मुनाफ!" खालाचा आवाज चढला. "काय प्यायलास?"

"खरबूज, अम्मा."

"गोड होतं?"

मुनाफने ओठांवरून जीभ फिरवली. खोटं बोलायला वाव नव्हता. "होतं."

"घ्या ना मुनाफभाई, अजून घ्या!" उमैमा एकदम खुलली, आणि खालाचा पारा आणखी चढला. मग तिने सगळ्यांसमोर रीत सांगितली. गोड प्यायलं म्हणजे होकार, आणि होकार अजून दिलेला नाही.

उमैमा डोळे मोठे करून ऐकत राहिली. "अगो बाई! खाला, मी खेडची. आमच्याकडं उलटं हाय. पाहुणा गोड न घेता उठला, तर त्यानं घराला नाव ठेवलंन असं धरतात. मी रात्रभर झोपले नाय, खाला काय प्यायला घेतील या विचारानं."

कशेडी घाट ओलांडला की रीत अशी उलटी होते, हे दोघींनाही आजवर ठाऊक नव्हतं. आता एकीला पिता येईना आणि दुसरीला प्यायल्याशिवाय उठू देता येईना. घोडं अडलं ते अडलंच.

"पण मुनाफभाईंनी तर प्यायलं..." उमैमाने हळूच आशेने म्हटलं.

"त्याचं धरू नको. तो लहान हाय अजून," खाला म्हणाली. मुनाफने आपल्या अर्ध्या पिकलेल्या दाढीवरून हात फिरवला आणि जमिनीकडे बघितलं.

दुसरा एखादा मुलगा असता तर मनाला लावून घेतलं असतं. एवढ्या हौसेने फोडलेल्या बाटल्या, एवढे भरलेले ग्लास, आणि म्हातारी एकालाही हात लावत नाही. नौमानने सगळे गोड ग्लास बाजूला सारले, ओटा पुसला आणि म्हणाला, "चूक माझी, दादी. मी विचारलंच नाही, आपला ओतत गेलो. गोड नको, एवढंच ना? मग गोड नाही. बसा तुम्ही." आणि तो मागच्या फ्रीजकडे गेला.

खालाने त्याच्या पाठीकडे बघितलं. आयुष्यात तिने कितीतरी घरांत नाही म्हटलं होतं, आणि तिचं नाही ऐकून पुरुषमाणसांची तोंडं कशी होतात हे तिला पाठ होतं. हे तोंड वेगळं होतं. या पोराला नाही ऐकून काम सुचलं होतं.

मग जे झालं ते उमैमा अजून पोट धरून सांगते. नौमानने खालासमोर एकेक बिनगोडाचं पेय ठेवलं आणि खालाने, आता पाहुणचाराला नाही म्हणायला कारणच उरलं नाही म्हणून, एकेक चाखलं. पहिलं जॉर्जिया देशातलं, डोंगरातल्या झऱ्याचं, गॅस भरलेलं. खालाने तोंडात घोळवलं. "हे तर आपलं सवच्या झऱ्याचं गरम पाणी. थंड केलंय फक्त." दुसरं व्हिएतनामचं, मिठात मुरवलेल्या लिंबाचा सोडा. ते तिने संपवलं आणि ग्लास पुढे केला. "अजून घाल थोडं. हे कळतंय लोकांना." तिसऱ्याचा घोट घेताच तिचा चष्मा नाकावरून खाली आला.

"कोयनेल! अरे, ही तर मलेरियाची गोळी! आम्हाला शाळेत नाक दाबून देत."

"तीच, दादी. गोरे लोक हौसेनं पितात."

"त्यांना मास्तर नसंल मारायला, म्हणून हौस."

चौथं अमेरिकेचं, काकडीच्या लोणच्याच्या पाण्याचं. खालाला पाठोपाठ तीन शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मुनाफ घाबरून उठला. खाला हात हलवत हसत होती. खाला हसते तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात, आणि मुनाफने ते खांदे अब्बा गेल्यापासून असे हललेले बघितले नव्हते. "अरे, हे पितात कशाला?"

"पैज लावून पितात," नौमान म्हणाला. "पैज हरलेला पितो."

पाचवा ग्लास पांढरा होता, वर बारीक फेस आणि पुदिन्याचा वास. "हे इराणी लोकांचं. ताक, मीठ, पुदिना आणि गॅस."

"ताकात गॅस? ताकाला असे बुडबुडे आले की आम्ही फेकतो रे."

"कुवेतला उन्हात काम करणारे हेच पितात. दुपारी गोदामाबाहेर टँकरवाले, ट्रकवाले रांगेने उभे राहायचे. गोड प्यायलं की तिथे तहान वाढते. खारट पाहिजे."

खालाने ग्लास उचलला आणि मध्येच थांबली. "टँकरवाले?"

"हो, दादी."

"मुनाफचे अब्बा टँकर चालवायचे तिथं. पाण्याचा."

"मग प्यायलेच असणार. रोज प्यायले असणार."

खालाने एक घोट घेतला. मग दुसरा. मग सावकाश सगळा ग्लास संपवला. तिला एकाएकी फार वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे तिला काय करावं ते सुचेना. सुट्टीवर येताना ते जे आणायचे ते सगळं गोड असायचं. तिथल्या दुपारची खारट चव बॅगेत घालून आणता येत नव्हती, आणि सांगायचं त्यांच्याही मनात कधी आलं नाही, विचारायचं तिच्याही मनात आलं नाही.

"अर्धी हयात तिथं गेली त्यांची," ती म्हणाली. "काय खायचे, काय प्यायचे, मना ठाव नाय. आज कळलं. ते पण तुझ्याकडनं." आणि मग, आवाज सावरून, तिने ज्यासाठी आली होती तो प्रश्न विचारला. "चांगली नोकरी होती तुझी. सोडून का आलास?"

नौमानने फडकं बाजूला ठेवलं. "गोदामात देशोदेशीचा माल यायचा, दादी. खोकं फुटलं की त्यातल्या बाटल्या आम्हाला मिळायच्या. मी खोलीवर न्यायचो. एकेक नवीन चव असायची, कधी भारी, कधी बेकार. पण सगळे दमून झोपलेले असायचे. 'हे बघ कसं लागतंय', असं म्हणायला कोणी नसायचं. एकट्याने पिऊन चव कळत नाही. मग म्हटलं, हेच घरी जाऊन करावं."

"आणि पावसाळ्यात आंबेनळीत दरड येते, रस्ता बंद होतो. तेव्हा कोण येतो तुझ्या बाटल्या बघायला?"

"कोणी नाही. तेव्हा मी आजोबांच्या यंत्रावर गोटी सोडा भरतो आणि महाड, पोलादपूरच्या हॉटेलांना देतो. पावसाळ्यातपण लोकांना भज्यांवर सोडा लागतो."

खालाने मान हलवली. कारण शोधायला आली होती, आणि कारणं संपली होती. उमैमाने ओळखलं. तिने धावत जाऊन पुन्हा गोडाचा ग्लास भरला, दोन्ही हातांत धरला आणि उभी राहिली. खाला त्या ग्लासाकडे बराच वेळ बघत होती. हात पुढे गेला, असं मुनाफ शपथेवर सांगतो. मग हात मागे आला.

"नाय. मी नाय पीत."

नौमानने आईचा दंड धरला.

"तुमच्या कारखान्याची गोटीची बाटली दे एक," खाला त्याला म्हणाली. "गोड असंल ती. भरलेली."

बाटली ओढणीच्या टोकात गुंडाळून ती टेम्पोत जाऊन बसली. दारात उभी असलेली उमैमा हात हलवायचंही विसरली. पाहुणी गोड न घेता उठली होती, आणि खेडच्या रीतीने याचा अर्थ एकच होता.

महामार्गावर येईपर्यंत मुनाफने दम धरला. "अम्मा, काय ठरलं?"

"ठरवणारी घरी बसलीय. तू समोर बघून चालव."

घरी अलीशबाने तीच चार भांडी तिसऱ्यांदा घासायला काढली होती. टेम्पोचा आवाज आला तशी ती हात न पुसताच बाहेर आली. दादीच्या चेहऱ्यावरून काही कळेना. खाला पडवीत बसली, बाटली ओढणीतून सोडवली आणि नातीच्या पुढ्यात ठेवली.

"पोलादपूरची हाय. गोड हाय. प्यायची तर पी. नाय तर राहू दे, मी परत पाठवीन. दोन्हीला मी बोलणार नाय, कोणी बोललं तर त्याला मी बघीन."

अलीशबाने बापाकडे बघितलं. बाप खांबाआड. "पण दादी, रीत... मोठ्यांनी प्यायचं असतं ना?"

"माझ्या वेळी मोठ्यांनीच प्यायलं. माझ्या फुफीनं, बापाच्या बहिणीनं." खालाने चष्मा काढला. "फुफीला गोड लई आवडायचं. समोर सरबत आलं, तिला राहवलं नाय, प्यायलीन. झालं माझं लग्न. माणूस चांगला मिळाला, ते माझं नशीब. पण मना कोणी विचारलं नाय गो. आज माझ्यासमोर ग्लास आला तवा वाटलं, मी प्यायले तर मी काय, फुफी काय. घर मी बघितलंय. मोरी स्वच्छ हाय, पोरगा नाही म्हटलं की ऐकतो. पुढचं तुझं तू बघ. राहायचं तुला हाय."

अलीशबाने बाटली उचलली, अंगठा गोटीवर ठेवला आणि दाबला.

पोलादपूरपासून टेम्पोत हिंदकळत आलेला सोडा तो. फस्सकन उसळला आणि दादीच्या शुभ्र ओढणीवर, मुनाफच्या दाढीवर, पडवीच्या भिंतीवर सगळीकडे उडाला. "या अल्ला!" खाला ओरडली. अलीशबाने घाईघाईने बाटली तोंडाला लावली, मान मागे टाकली, आणि गोटी गळ्यात खडखडत असताना उरलेला सोडा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. बाटली खाली ठेवली आणि मोहल्ल्यात ऐकू जाईल असा ढेकर दिला. मग लाजेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि तशीच रडायला आणि हसायला लागली. खालाने तिला जवळ ओढलं. दोघी चिकट झाल्या होत्या.

"फोन लाव रे पोलादपूरला," नातीच्या डोक्यावरून खाला मुनाफला म्हणाली.

उमैमाने पहिल्याच रिंगला फोन उचलला. ती रडत बसली असावी, आवाज भरलेला होता. "बोला, खाला."

"उमैमा, ऐक. पोरगी प्यायली. आपल्या हातानं, सगळी बाटली."

खालाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेस ना गो? गोटीची बाटली परत करायची असते. तुमची बाटली हिथं आमच्याकडं राहिलीय. ती न्यायला ये. आणि एकटी येऊ नको, सगळ्यांना घेऊन ये."